जेफरसनच्या शेजारी दादाची पत्रं

दादाला जाऊन चार महिने झाले. आपल्या दिल्लीच्या मंडळाच्या सरलाताई म्हणाल्या, कुमुदताई, यंदाच्या अंकात भालचंद्ररावांवर तुम्हीच लिहा. मी म्हटलं, अहो माझी शाळा चौथीपर्यंत, मला कुठे लिहिता येतं. तर म्हणतात, बोलता तसं टाइप करा ना, बिल्कुल तसंच छापू. मग काय, मोबाईल घेऊन बसलेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुम्ही त्याला ओळखता ते गणपतीत खुर्च्या मांडणारे निकम म्हणून. नाहीतर चौदा जानेवारीला पानिपतला लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, बस जाते, तिच्यात पुढच्या सीटवर पाण्याचा कॅन पायात धरून बसणारे म्हणून. आणि पत्र लिहिणारे म्हणून. बस अर्धा तास उशिरा सुटली की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्या हातात दादाचं पत्र. तारीख, विषय, महोदय, सगळं व्यवस्थित. तुम्ही हसायचात, मला माहितीय. मीपण हसायचे.

तो माझा सख्खा भाऊ, दहा वर्षांनी मोठा. आई मी लहान असतानाच गेली, वडील मी अठराची असताना. दादाने लग्न केलं नाही. आम्ही दोघं चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिलो, आधी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, तो रिटायर झाल्यावर मुनिरकात भाड्याने. आणि एवढी वर्षं माझ्या मनात त्याच्याबद्दल एक गोष्ट सलत होती. ती आधी सांगते.

माझं लग्न फलटणला झालं, एकाहत्तर साली. त्र्याहत्तरला नवरा सुरतला गेला आणि तिथे दुसरं घर करून बसला. मी सासरीच राहिले. राहिले म्हणजे, जाणार कुठे. धुणं, भांडी, गोठा, सासूबाईंचे पाय. सात वर्षं. दादा दिल्लीला सरकारी नोकरीत होता, त्याची पत्रं यायची, पण "ये" असं त्यात एकदाही आलं नाही. शेवटी ऐंशी साली बोलावलं. सात वर्षं का लागली, हा माझा प्रश्न. भांडण कशावरूनही होऊ दे, मी तिथेच जायचे.

"सात वर्षं तुला बहीण आठवली नाही."

"क्वार्टर नव्हतं."

"क्वार्टर नव्हतं म्हणे. एका खोलीत तीन तीन माणसं झोपत होतात, चौथी मावली नसती?"

"सगळं फाइलला आहे," एवढंच म्हणायचा आणि चष्मा पुसत बसायचा.

मला वाटायचं, ऑफिसचा माणूस, ऑफिससारखा टाळतो. फाइल कुठली, ती मी कधी विचारली नाही.

दादा दफ्तरी होता. एका मोठ्या लायब्ररीत, नाव लिहीत नाही, तुम्हाला माहितीय. दफ्तरी म्हणजे फाटलेली पुस्तकं शिवणारा, पुठ्ठे चढवणारा. सहासष्ट साली लागला, मॅट्रिक होऊन. आमच्या गावचे भाऊसाहेब तेव्हा इथे मिनिस्ट्रीत होते, त्यांनी चिकटवला. मैद्याची खळ शिजवायची, त्यात मोरचूद घालायचं म्हणजे कीड लागत नाही, आणि मग दाभणाने एक एक जुडी शिवायची. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी त्याच्या बोटांच्या कडा निळसर होत्या. मी म्हणायचे, जेवताना तरी हात धू. तो म्हणायचा, धुतलेत, हे धुऊन जात नाही.

त्या लायब्ररीत एका अमेरिकन पुढाऱ्याच्या पत्रांची पुस्तकं होती. जेफरसन त्याचं नाव, त्यांचा फार जुना प्रेसिडेंट, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली सगळी पत्रं तिकडचे लोक छापत बसलेत, अजून संपली नाहीत म्हणे. एक एक पुस्तक विटेएवढं. इथल्या उन्हात त्यांच्या पाठीचा डिंक सुकायचा, पाठ उलायची आणि पुस्तक दादाकडे यायचं. पानं क्रमाने लावायची तर तारखा बघाव्या लागतात. तारखा बघता बघता दादा वाचायला लागला. इंग्लिश त्याचं कामापुरतं, डिक्शनरी घेऊन एका पानाला दोन दिवस लावायचा. साहेब म्हणायचे, निकम, किताब सिलनी है, परीक्षा नहीं देनी.

घरी आला की मला सांगायचा. मी पोळ्या लाटतेय आणि हा दारात उभा राहून अमेरिका सांगतोय. की हा माणूस देशाचा कारभार बघायचा आणि बागेत वाटाणे कधी आले तेही लिहून ठेवायचा. मुलींना लिहायचा, अभ्यास करा, आळस करू नका. कुणाला कधी पत्र गेलं, कुणाचं कधी आलं, याची यादी ठेवायचा. आणि दोन पेनांचं एक लाकडी यंत्र होतं त्याच्याकडे, एका पेनाने लिहिलं की दुसरं पेन आपोआप शेजारच्या कागदावर तसंच लिहितं. हे सांगताना दादा लाटणं आणि पळी दोन्ही हातात घेऊन हवेत लिहून दाखवायचा.

मी विचारलं, एवढा चांगला होता का तो?

"चांगला? सगळी माणसं सारखी असं लिहिणारा हाच, आणि घरात गुलाम ठेवणाराही हाच. शेकड्याने. दोन्ही त्याच्याच अक्षरात आहे." आणि म्हणाला, "ठेवलं म्हणून कळलं. आपले लोक ठेवतच नाहीत, मग सगळेच चांगले."

दुसऱ्या एका दिवशी म्हणाला, बायको वारल्यावर तिची पत्रं मात्र त्याने ठेवली नाहीत, बहुतेक जाळली असं लोक म्हणतात. एवढ्या हजारांत तिचं एक नाही.

पण त्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. त्या पुस्तकांत सरकारी पत्रं एकीकडे आणि घरची एकीकडे असं नाही. तारखेने लावलेली. या पानावर राजाच्या वकिलाला लिहिलेलं, त्याला लागून मुलीला लिहिलेलं. दादा म्हणायचा, "बरोबर आहे ना कुमुद. सकाळी साहेबाला लिहितो, दुपारी घरी लिहितो. माणूस एकच. मग फायली दोन कशाला?"

म्हणून त्याने स्वतःचं तसंच सुरू केलं. लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल. अर्ज कार्बन घालून, दोन प्रती एकदम. पोस्टकार्डाखाली कार्बन नीट उठत नाही म्हणून ते आधी कागदावर उतरवायचं. आलेलं उत्तर मागे लावायचं. दुधाच्या बूथला लिहिलेलं, पोस्टमास्तरांना लिहिलेलं, मला लिहिलेलं, सगळं एका जुडीत, तारखेने. मी दिल्लीला आल्यानंतरच्या जुड्या घरीच होत्या, मी त्या माळ्यावर टाकल्या होत्या. आधीच्यांबद्दल मी कधी विचार केला नाही.

त्याने फलटणला पाठवलेली पत्रं तर माझ्याकडे एकही नाही. मला छापलेलं वाचता यायचं, हाताचं अक्षर लागायचं नाही. धाकटे दीर विष्णू ओसरीवर मोठ्याने वाचायचे, सगळं घर ऐकायचं, आणि मग ते कार्ड चुलीच्या पेटवणात. त्यात असायचं काय? इकडे सर्व ठीक. थंडी पडली. तब्येतीस जप. सासूबाई म्हणायच्या, "तुझ्या भावाला दिल्लीत थंडीशिवाय काही मिळत नाही का गं?" आणि सगळे हसायचे.

एकदाच आला होता तो. शहात्तरची भाऊबीज. येतोय असं कार्ड आलं तेव्हा मला वाटलं, न्यायलाच येतोय. दोन लुगडी, आईची वाटी आणि फणी एका गाठोड्यात बांधून मी दाराआड ठेवली. तो आला, ओवाळून घेतलं, जेवला. विष्णूंशी पावसापाण्याचं बोलला. मग उठला. गाठोडं त्याला दिसलं होतं, मी त्याची नजर तिकडे गेलेली बघितली. तरी चपला घातल्या आणि एस. टी. गाठायला निघाला. मी गाठोडं सोडलं आणि भांड्यांना बसले. त्याने चपला घातल्या, ते मी विसरू शकले नाही कधी.

आता या जानेवारीचं सांगते. दादा हॉस्पिटलात होता, छातीत पाणी झालं होतं. दुपारी मी मोसंबी सोलत होते तर म्हणाला, "कुमुद, माझं पुस्तक त्याच्या शेजारीच आहे. जा एकदा."

"कुणाच्या शेजारी?"

"जेफरसनच्या."

मला वाटलं ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, बरं बरं, मोसंबी खा. त्यावर हसला, म्हणाला, "बघ, तुला खरं वाटणार नाही. पण चांगल्या संगतीत आहे." पुढच्या आठवड्यात गेला.

तेरावं झालं, लोक येऊन गेले. घरात मी एकटी, आणि ते वाक्य काही जाईना. एक दिवस साडी बदलली, त्याचं जुनं ओळखपत्र घेतलं आणि लायब्ररीत गेले. रिक्षाने दहा मिनिटं. चव्वेचाळीस वर्षांत आत कधी गेले नव्हते, डबा द्यायला गेले तरी गेटपर्यंतच.

गार्ड म्हणाला, "माताजी, कहाँ? ये लाइब्रेरी है."

"पता है. किताब देखनी है."

"मेंबर हो?"

"मेंबर नहीं, बहन हूँ." तो बघतच राहिला. मी ओळखपत्र दाखवलं. म्हातारा गार्ड होता, फोटो बघून म्हणाला, अरे निकम जी, वो तो मेरे को भी चिट्ठी लिखते थे कि गेट की बत्ती बंद है. आणि आत फोन लावला.

लायब्रेरियन विजयालक्ष्मी मॅडम. मद्रासकडच्या, पण हिंदी छान बोलतात. त्यांना मी जसं येईल तसं सांगितलं. त्यांनाही आधी कळेना. मग स्वतः उठून मला वर घेऊन गेल्या. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ ते अमेरिकन उभे होते, ओळीने, भरपूर. काही तिकडच्या कपड्यातले, काही दादाने बांधलेले, हिरव्या कापडाचे. आणि ओळ संपते तिथे हिरव्याच कापडात आणखी एक. पाठीवर सोनेरी आकडे, १९६६ ते १९८०. नाव नाही.

मॅडमनी उघडलं. पहिल्याच पानावर मराठी. आत लायब्ररीचा शिक्का, त्याखाली नंबर. मॅडम डोक्याला हात लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, आंटी जी, ये तो कमाल हो गया.

झालं होतं असं. दादा ते पुस्तक बाइंडिंगच्या खोलीत स्वतःच्या कपाटात ठेवायचा. क्वार्टरमध्ये ओल यायची ना. तो रिटायर झाला तशी ती खोलीच बंद केली, काम बाहेर द्यायला लागले. कपाटातलं सामान हलवताना कुणीतरी बघितलं, कापड तेच, शिलाई तीच, आत पत्रं, तारखेने लावलेली. म्हणजे त्याच सेटमधलं. मारला शिक्का, दिला नंबर, ठेवलं रांगेत. आतली भाषा कुठली, कोण बघतो. वीस वर्षं दर मोजणीला ते पुस्तक हजर होतं. दादाला हे कधीतरी कळलं असणार, पेन्शनच्या कामाला जायचा ना तिकडे. त्याने तक्रार केली नाही. गेटच्या दिव्याची केली, याची नाही.

मी म्हटलं, मॅडम, मला हे घरी न्यायचंय. त्या म्हणाल्या, शिक्का आहे, नंबर आहे, असं देता येत नाही. इथे बसून वाचा. रोज या. चहा माझ्याकडून.

मग मी रोज जायला लागले. अकरा ते चार, मोठ्या टेबलावर, आजूबाजूला पीएचडीवाली पोरं. दादाचं अक्षर आता मला लागतं, चव्वेचाळीस वर्षं त्याच्या सामानाच्या याद्या वाचल्यात. अर्ज हिंदीतले, तेही जमतं. इथे राहून बसच्या पाट्या वाचत वाचतच हिंदी शिकले मी. पण वेग नाही. बोट ठेवून वाचते.

पहिली वर्षं मजेची. पंख्याबद्दल अर्ज, सुट्टीचे अर्ज, वडिलांना पत्रं. मग बाहत्तर, वडिलांची पत्रं संपली. मग त्र्याहत्तर.

ऑगस्टच्या नऊ तारखेचं पोस्टकार्ड. चि. कुमुद हीस आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. पाऊस थांबला. तब्येतीस जप. विष्णूरावांस नमस्कार. मला ते आठवलं, आवाजासकट. विष्णूंच्या आवाजात.

पान उलटलं. तीच तारीख, नऊ ऑगस्ट. हिंदी. प्रशासन अधिकारी महोदय, सविनय निवेदन है कि मेरी छोटी बहन कुमुद मुझ पर आश्रित है, उसे अपने साथ रखना है, अतः मुझे बारी से पहले क्वार्टर देने की कृपा करें.

मी दोनदा वाचलं. मग पुढे जाता येईना. वही मिटल्यासारखं पुस्तक मिटलं आणि त्या दिवशी घरी आले.

दुसऱ्या दिवशी उत्तर वाचलं. विवाहित बहन परिवार में नहीं आती. त्यावर दादाचं, कि पति ने छोड़ दिया है. त्यावर ऑफिसचं, कि तलाक का आदेश लगाएँ. त्यावर दादाचं तिसरं पत्र, एका ओळीचं. महोदय, आदेश नहीं है, बहन है.

त्या पत्राला उत्तर लावलेलं नव्हतं.

आणि प्रत्येक अर्जाच्या शेजारी माझं कार्ड. त्याच दिवसाचं, नाहीतर दुसऱ्या दिवसाचं. तिकडे नामंजूर, इकडे थंडी पडली. तिकडे पुन्हा विनंती, इकडे फुलकोबी आली. मी सात वर्षं फक्त उजवीकडचं पान ऐकलं होतं.

मुनिरकात तेव्हा तो लायब्ररीतल्या दोघांबरोबर राहायचा. पंचाहत्तरमध्ये घरमालक चौधरींना पत्र. घरमालकाला पत्र, जो खालीच राहतो! तेही महोदय घालून. की वरची छोटी खोली मला वेगळी द्या, माझी सख्खी बहीण येणार आहे, गावाचा दाखला आणून दाखवतो. खाली मराठीत पेन्सिलीने, तोंडी उत्तर. म्हणे, सब बहन ही बताते हैं.

त्या पेन्सिलीच्या ओळीवर मी किती वेळ बोट ठेवून बसले होते. दादा कसा उभा राहिला असेल त्या चौधरीसमोर. त्याच्याशी तो कधी मोठ्याने बोलला नसणार. वर आला असेल आणि पेन्सिल घेतली असेल.

मग शहात्तर. मला भीती वाटत होती त्या पानांची. ऑक्टोबरमध्ये भाऊसाहेबांना पत्र, तुमच्या घरी कुमुदला सहा महिने ठेवून घ्याल का, तोवर माझा नंबर लागेल. भाऊसाहेबांचं उत्तर, अवश्य, घेऊन या. मग रजेचा अर्ज. आठ दिवसांची रजा, कारण, बहन को लाना. असं लिहिलंय. बहन को लाना. मग भाऊसाहेबांची चिठ्ठी, निघायच्या आदल्या दिवसाची. घरी बोलणं झालं, मंडळींना पसंत नाही, तूर्त जमणार नाही, राग मानू नये.

म्हणजे तो निघाला तेव्हा त्याच्याकडे मला ठेवायला जागा नव्हती. तरी आला. तिकीट काढलेलं होतं म्हणून असेल, नाहीतर बघावंसं वाटलं असेल. आणि दाराआड माझं गाठोडं बघितलं.

त्याच्या पुढचं पान, परत कामावर रुजू झाल्याचं. सगळ्यांनी द्यायचं असतं ते, मी आज हजर झालो. त्यात कारण लिहायची गरज नसते, मॅडमनी सांगितलं मला. पण दादाने लिहिलंय. जिस कार्य के लिए छुट्टी ली थी, वह नहीं हो सका.

मी तिथेच बोलले, मोठ्याने. "अरे मग सांगायचं होतंस ना." मराठीत. पोरांनी माना वर केल्या. मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या, पाणी दिलं, शेजारी बसल्या. त्यांना मी बोट ठेवून दोन्ही पानं दाखवली, हे ऑफिसचं, हे माझं. मराठी त्यांना येत नाही, पण तारखा कळतात.

त्यांनी विचारलं, आपको क्यों नहीं लिखा?

मी म्हटलं, माझं पत्र विष्णू वाचायचे. ओसरीवर. हे बोलले आणि बोलतानाच मला ते कळलं. चुलीपुढे बसून इतकी वर्षं ती पत्रं मी ऐकली, इथे बसून इतकी वर्षं त्यावरून भांडले, आणि दादाने कुणाकडे बघून ती लिहिली हे डोक्यात आलं नाही. मी येणार, न्यायला येतोय, असं त्यात असतं तर सासूबाईंनी मला दारापाशी तरी येऊ दिलं असतं का. फुकटची मोलकरीण कोण सोडतं.

पण तरी. खरं लिहायचं तर माझा राग सगळा गेला नाही. फलटणला नाही सांगता आलं, समजलं. दिल्लीत तर होतो ना समोरासमोर. चव्वेचाळीस वर्षं, रोज दोन वेळा जेवायला. "क्वार्टर नव्हतं" याच्या पुढे चार शब्द बोलला असता तर माझी जीभ तेवढी चालली नसती. मी त्याला काय काय बोललेय ते मला माहितीय. एकदा त्याच्या वाढदिवसालाही. त्याला वाटलं असेल, सांगितलं तर ते उपकार दाखवल्यासारखं होईल. किंवा त्याला लाजच वाटत असेल, अकरा अर्ज केले आणि एक झाला नाही याची. अकरा आहेत, मी मोजले. किंवा त्याचं म्हणणं इतकंच असेल की लिहून ठेवलंय, बहीण एक दिवस वाचेल. काय ते मला आता कळायचं नाही. ते त्यात लिहिलेलं नाही.

शेवटी क्वार्टर मिळालं ते कुणाच्या दयेने नाही, त्याचा नंबर लागला म्हणून. ऐंशीचा मार्च. लगेच दुसरा अर्ज, की बहिणीला सोबत ठेवायची परवानगी द्या. तीही महिन्याने आली. आणि मग तो फलटणला आला तो कार्ड न पाठवता, सकाळच्या एस. टी.ने, हातात परवानगीचा कागद घेऊन. ओसरीवर उभ्या उभ्या त्याने तो विष्णूंच्या हातात दिला आणि म्हणाला, वाचा. विष्णूंनी वाचलं. हिंदी होतं, अडखळत वाचलं, सगळ्या घरासमोर. मला तेव्हा वाटलं होतं, हा काय ऑफिसचा कागद मिरवतोय, बहिणीचा हात धरून नेत का नाही. तो मूळ कागद पुस्तकात शेवटच्या पानावर लावलाय. घडीच्या रेघा आहेत त्याला, आणि कोपऱ्याला तेलाचं बोट. आमच्या घरात तेलाचं बोट कुणाचं असायचं ते मला माहितीय, सासूबाई प्रत्येक कागद हातात घेऊन बघायच्या, वाचता येत नसलं तरी.

वाचून झालं त्या दिवशी मी मॅडमकडे गेले. म्हटलं, मला हे पुस्तक पाहिजेच. आता तर पाहिजेच. त्या म्हणाल्या, रास्ता एक है. तुम्ही लेखी अर्ज द्या, मी वर पाठवते, चुकून नंबर पडला असं लिहून रजिस्टरमधून काढावं लागेल. वेळ लागेल.

त्यांनी कागद दिला. पोरांपैकी एकीने, वृंदा नाव तिचं, म्हटलं, आंटी मैं लिख दूँ? मी नको म्हटलं. जिंदगीत पहिला अर्ज, माझ्या हाताने. हिंदीत सुरू केला, महोदया असं लिहिलं, पुढे गाडी अडली. मॅडम म्हणाल्या, मराठी में लिखिए, मैं नीचे अनुवाद लगवा दूँगी.

विषय लिहिला. पुस्तकाचा नंबर लिहिला. माझं नाव, पत्ता, मुनिरका. मग कारण. कारणाला मला अर्धा तास लागला. आधी भावाची आठवण म्हणून असं लिहिलं, ते खोडलं. आठवणीला त्याचा चष्मा आहे घरी. मग लिहिलं, माझ्या भावाने मला त्र्याहत्तर सालीच बोलावलं होतं, ते यात आहे.

मॅडमनी कुणाकडून तरी वाचून घेतलं. मला विचारलं, आंटी जी, कारण बस इतना ही?

मी म्हटलं, इतना ही. आणि सही केली.